महिन्याला 599 म्हणजे नक्की किती?



मार्चमध्ये सीएला द्यायला बँक स्टेटमेंट काढलं आणि डोक्याला हात लावला. माझ्या मुलुंडच्या दुकानाच्या खात्यातून दर महिन्याला चार सॉफ्टवेअरचे पैसे आपोआप कटत होते. त्यातलं एक, सगळ्या ग्राहकांना एकदम मेसेज पाठवायचं, मी दिवाळीनंतर उघडलंसुद्धा नव्हतं. तुम्हाला हिशोब शिकवणाऱ्या माणसाची ही गत! म्हणून आजचा धडा आधी मलाच.

समजा प्लॅन महिना 599 चा आहे. सेल्समन म्हणतो, 'सर, रोजचे फक्त 20 रुपये.' आपण वर्षाचं बघू. 599 गुणिले 12 म्हणजे 7,188. त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 8,482. तुम्ही रेग्युलर जीएसटीत असाल तर तो कर क्रेडिटमध्ये परत मिळतो. कंपोझिशनमध्ये असाल किंवा रजिस्ट्रेशनच नसेल, तर सगळा खिशातून. आता शंभराच्या विक्रीत तुम्हाला 20 रुपये सुटत असतील, तर हे पैसे भरून निघायला 42,410 रुपयांची जादा विक्री पाहिजे. सॉफ्टवेअरमुळे तेवढी वाढते का, किंवा तेवढा वेळ तरी वाचतो का? एवढंच विचारायचं.

पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की झालं. 2013 मध्ये अ‍ॅडोबीने फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरची नवी व्हर्जन्स फक्त भाड्याने देणार असं जाहीर केलं आणि मग ती पद्धतच पडली. टॅलीमध्ये कायमचं लायसन्स अजून मिळतं. त्याचं वार्षिक रिन्युअल नाही केलं तर नवे अपडेट थांबतात, सॉफ्टवेअर चालू राहतं. हा झाला स्वतःचा गाळा आणि सोसायटीचा मेंटेनन्स. महिन्याचं सबस्क्रिप्शन म्हणजे लीव्ह अँड लायसन्स. मालक भाडं वाढवणार हे धरूनच चालायचं, आणि गाळा सोडताना सामान बाहेर काढता आलं पाहिजे. म्हणून पैसे भरण्याआधीच बघा: ग्राहकांची यादी आणि बिलं एक्सेलमध्ये काढता येतात का?

आता नेटवर्क. व्हॉट्सअ‍ॅपने जानेवारी 2016 मध्ये वर्षाची एक डॉलरची फीसुद्धा काढून टाकली. माणसं वाढली की धंदेवाले येणारच. 2018 मध्ये बिझनेस अ‍ॅप आलं, तेही फुकट. पैसे लागतात मोठ्या प्रमाणावर मेसेज पाठवायला, आणि तिथे दोन मीटर पळतात. एक मेटाचा, जुलै 2025 पासून पोचलेल्या मेसेजमागे. दुसरा मधल्या कंपनीचा, दरमहा. कोटेशनमध्ये दोन्ही वेगवेगळे लिहून मागा. माझी चूक इथेच झाली, मी दुसराच आकडा वाचला. ग्राहकाने आधी मेसेज केला तर 24 तासांत दिलेलं साधं उत्तर मेटाकडे फुकट आहे, हेही मला उशिरा कळलं.

फुकट अ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण मेसेज पोचतो फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांना. त्यामुळे विकत आणलेली नंबरांची यादी इथे कामाची नाही. मी काउंटरवर क्यूआर लावला, 'नंबर सेव्ह करा, वह्यांचा नवा माल आला की कळवतो.' शाळा सुरू व्हायच्या आधी दोन लिस्ट भरल्या.

एक शेवटचं. अ‍ॅप मोबाइलमधून उडवलं म्हणजे ऑटोपे बंद होत नाही! रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कटण्याच्या 24 तास आधी सूचना येते, पण 15,000 पर्यंत पुन्हा ओटीपी विचारत नाहीत. सूचना आपण वाचत नाही, हा आपला दोष. आजच यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडा आणि काय काय चालू आहे ते कागदावर लिहा. कार्डावरचे वेगळे बघा.

माझे चारातले दोन बंद झाले. डिझाइनवालं अजून चालू आहे. बायको म्हणते तेही काढ, पण दिवाळीची पोस्टर्स होईपर्यंत मी मुदत मागून घेतली आहे.