मोबाइल मोजेल, पण झेलणार कोण?

भाची येवल्यात महिलांची व्यायामाची बॅच घेते आणि आता फिटनेस ट्रेनरचा रीतसर कोर्स करायच्या विचारात आहे. मामा पुण्यात, कॅमेऱ्यातून शरीराच्या हालचाली ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतात.

भाची: मामा, कोर्सच्या फीचे पैसे बाजूला काढलेत, पण घरात सगळ्यांचं एकच पालुपद, ‘मोबाइलमध्ये फुकटात ट्रेनर आलाय, तुझ्याकडे कोण येणार?’ भरू की नको?

मामा: आधी सांग, तू दिवसभर करतेस काय? ट्रेनरकी म्हणजे एकच काम नव्हे. यंत्र अख्खी नोकरी एकदम खात नाही, त्यातलं एकेक काम काढून घेतं.

भाची: नवी बाई आली की वजन-उंची, दुखणीखुपणी विचारते. व्यायाम आणि डाएट चार्ट लिहून देते. बॅचमध्ये करून दाखवते, आकडे मोजते, चुकलं की सांगते. दोन दिवस दिसली नाही की फोन करते.

मामा: त्यातला चार्ट गेलाच समज. वय, वजन, शुगर, घरात बाजरी खातात की गहू, एवढं मराठीत टाइप केलं तरी चॅटजीपीटी आठवड्याचा बरा तक्ता लिहून देतो. बंगळुरूच्या ‘हेल्दीफायमी’ने तर ‘रिया’ नावाची यांत्रिक सल्लागार 2017 सालीच आणली. एकच चार्ट नाव बदलून पन्नास जणांना विकणारे जे ऑनलाइन कोच आहेत, त्यांचा धंदा आधी बसणार. आकडे मोजणंही गेलं.

भाची: मोजणं ठीक. पण उठाबशा चुकल्या हे मोबाइलला कळतं कसं?

मामा: त्याला माणूस दिसतच नाही, ठिपके दिसतात. गूगलने 2020 मध्ये ‘ब्लेझपोझ’ आणलं. ते कॅमेऱ्यातल्या चित्रावर खांदे, कोपर, कंबर, गुडघे, घोटे असे 33 बिंदू बसवतं. कंबर, गुडघा आणि घोटा जोडले की गुडघ्यातला कोन निघतो. खाली बसताना तो कोन ठरलेल्या अंशाखाली गेला आणि पुन्हा सरळ झाला, की एक उठाबशी. पुरती खाली गेली नाहीस की फोन म्हणतो, ‘अजून खाली.’ साध्या फोनवर चालतं हे.

भाची: म्हणजे चूक दाखवायचं कामही गेलं!

मामा: अर्धं. तुझ्या बायका व्यायाम कशात करतात?

भाची: निम्म्या जणी पंजाबी ड्रेसमध्येच. ओढणी कंबरेला गाठ मारून.

मामा: मग कंबरेचा बिंदू यंत्र अंदाजाने बसवणार. सैल कुर्त्याखाली कंबर नेमकी कुठे वाकली ते त्याला दिसत नाही. कॅमेरा एकच असेल तर शरीर पुढेमागे किती गेलं, हाही अंदाजच. शिवाय कोन दिसतो, कळ दिसत नाही. दात-ओठ खाऊन केलेली उठाबशी आणि सहज केलेली उठाबशी, त्याच्या लेखी दोन्ही सारख्या.

भाची: हे पटलं. संक्रांतीनंतर आठवडाभर माझ्या बॅचमध्ये खांदे धरलेले असतात. तीन दिवस गच्चीवर पतंग आणि हातात मांज्याची आसारी! त्या आठवड्यात मी हात वर न्यायचे व्यायाम काढूनच टाकते.

मामा: ॲपला तेवढंच दिसेल, की या बाईची ताकद अचानक कमी झाली. तिने कारण सांगितलं तर तेही बदल सुचवेल, यात शंका नाही. पण सांगायचं तिला सुचायला हवं. ती दारात चप्पल काढत असतानाच तुला कळतं.

भाची: आणि मागावर बसणाऱ्या? पैठणीचं काम निघालं की दिवसभर पाय खड्ड्यात आणि मान खाली. त्या येतात तेव्हा पाठ आखडलेली असते. त्यांना आल्या आल्या पुढे वाकायला लावलं, तर दुसऱ्या दिवशी येणारच नाहीत.

मामा: हेच ज्ञान तुझं भांडवल. ते कुठल्याही ॲपच्या तक्त्यात आपोआप येत नाही.

भाची: तरी भीती जात नाही. माहिती फुकट झाली की शिकवणाऱ्याला कोण विचारतं?

मामा: एक जुना दाखला देतो. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. जोर, बैठका, कुस्ती, मल्लखांब, सगळं सचित्र. म्हणून कुठली तालीम ओस पडली नाही आणि वस्तादाचा मान कमी झाला नाही.

भाची: मामा, पुस्तक बोलत नव्हतं! हे बोलतं, बघतं, चूकही दाखवतं.

मामा: बरोबर पकडलंस. म्हणून नुसता इतिहास सांगून मी तुला धीर देणार नाही. पण त्या खंडांमधल्याच मल्लखांबाकडे बघ. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर आपल्याच नाशिक जिल्ह्यातले. मल्लखांबाचं पुनरुज्जीवन त्यांचं. आजही पोरगं खांबावर पहिल्यांदा उलटं होतं, तेव्हा शिकवणाऱ्याचे दोन्ही हात खाली तयार असतात. तुमच्या जिममध्ये बेंच प्रेस करणाऱ्याच्या डोक्याशी उभा राहणारा माणूस तेच करतो. कॅमेरा सांगेल की दांडा वाकडा चाललाय. दांडा धरणार कोण?

भाची: म्हणजे ट्रेनरची नोकरी पक्की?

मामा: घाई करू नकोस. ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑसबर्न या दोघांनी 2013 साली 702 व्यवसाय तपासले होते. फिटनेस ट्रेनरचं काम यंत्राकडे जाण्याची शक्यता त्यांनी दहा टक्क्यांच्याही खाली धरली. पण तेव्हा आजच्यासारखी बोलणारी यंत्रं नव्हती, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबू नकोस. माझ्या मते धोका आहे तो पहिल्या पायरीला. मोठ्या शहरातल्या जिममध्ये नवखा मुलगा लागतो, तो मेंबरला मशिन कसं वापरायचं ते दाखवतो, सेट मोजतो आणि त्यातूनच धंदा शिकतो. ते काम भिंतीवरच्या स्क्रीनने केलं, तर तो मुलगा शिकणार कुठे?

भाची: मग मी काय शिकू?

मामा: जिथे चूक महागात पडते, ते शिक. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत. यातल्या कितीतरी जणांना डॉक्टर ‘व्यायाम करा’ म्हणतात. पुढे कुणाकडे जायचं, हे त्यांना कळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या बाईची शुगर व्यायामाने एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात. तेव्हा तिला लगेच बसवून साखर द्यायची, हे तुला झोपेतही आठवलं पाहिजे. वजन उचलताना श्वास रोखला की रक्तदाब चढतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी, नुकतीच बाळंत झालेली मुलगी, यांच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलून काम करता आलं पाहिजे. कोर्स निवडताना शरीररचना आणि प्रथमोपचार नीट शिकवतात का, ते आधी बघ.

भाची: आणि एआय? त्याला हात लावायचा की नाही?

मामा: लावायचाच. हजेरी, नोंदी, आठवणीचे मेसेज, तक्त्याचा पहिला खर्डा, हे सगळं त्याच्याकडून करून घे. तपासायचं मात्र तूच. तुझा वाचलेला वेळ बायकांकडे लक्ष देण्यात जाऊ दे.

भाची: कॅमेरा लावू का बॅचमध्ये?

मामा: प्रत्येकीला विचारल्याशिवाय अजिबात नाही. व्यक्तिगत माहिती जपण्याचा कायदा 2023 साली झाला, तो आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की बायका तुझ्याकडे येतात ते तिथे कुणी बघत नाही म्हणून. तो विश्वास गेला तर बॅच गेली.

भाची: मग शेवटचं सांगा. फी भरू?

मामा: भर. पण कागदावरच्या सर्टिफिकेटसाठी भरणार असशील तर पैसे ठेवून दे, तेवढं शिकवायला आता मोबाइल पुरतो. ज्या ट्रेनरला मेंबरचा फोन नंबर आणि फीची तारीख एवढंच माहीत आहे, त्याची जागा यंत्र घेईल. जिला बाईचं दुखणं, तिचं काम आणि तिच्या घरची वेळ माहीत आहे, तिच्या बॅचला उद्याही माणसं येतील.