देणगीची लागण, आपला खोडवा



उसाची नोंद द्यायला गट कार्यालयात येणारे सभासद अलीकडे वरचेवर विचारतात, "साहेब, अमुक फाउंडेशन पैसे देतं म्हणे. आमच्या गटाला मिळतील का?" कुणाला ओढ्यावर बंधारा हवा आहे, कुणाला आरोग्य तपासणी. महिला मंडळाला परसबागेची भाजी पोरांच्या ताटात पडायला हवी आहे. गरजा खऱ्या आहेत. म्हणून या अंकात त्याविषयी थोडे सांगत आहोत.

फाउंडेशनची मदत म्हणजे कर्ज नव्हे, ती फेडायची नसते. पण ठरल्या कामावरच खर्च करून पै न् पैचा हिशोब द्यावा लागतो. शिवाय मदत दर वेळी आधी रोख मिळेलच असेही नाही. पानी फाउंडेशनने २०१६ साली पहिली वॉटर कप स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत घेतली. गावांना मिळाले ते प्रशिक्षण. चर खोदायचे, बांध घालायचे ते गावानेच. कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले आणि ५० लाखांचे बक्षीस मिळाले, ते काम झाल्यावर!

आता कागदपत्रांचे पाहू.

१) गटाची रीतसर नोंदणी, गटाच्या नावाचे बँक खाते, ठरावांचे बुक आणि तपासलेले हिशोब तयार ठेवावेत. खाते एकाच्या सहीवर चालवू नये.

२) २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. हा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. लहान गटाने असा क्रमांक असलेल्या जवळच्या संस्थेमार्फत प्रस्ताव द्यावा.

३) परदेशी देणगी २०१० च्या कायद्याखालील नोंदणी किंवा परवानगीशिवाय घेऊ नये. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेकडे आलेला परदेशी पैसा दुसरीकडे वळवताही येत नाही.

आता मुख्य मुद्दा. निधी दोन-तीन वर्षांत संपतो. पुढे बंधाऱ्यातला गाळ कोण काढणार? परसबागेचे बी कोण आणणार? लागण दुसऱ्याने दिलेल्या बेण्यावर होते, पण खोडवा आपल्यालाच राखावा लागतो. तेव्हा प्रस्तावाआधी बैठक घेऊन कामाची जबाबदारी कोणाची आणि वर्गणी किती, हे नावानिशी लिहून घ्यावे. देणारा माणूसही हेच आधी विचारतो.

आणखी एक. आम्ही ऊस खात्यातले, तरी स्पष्ट सांगतो. बंधारा भरला की विहिरींना पाणी येते आणि लगेच उसाचे क्षेत्र वाढते. मग उन्हाळ्यात बायाबापड्यांच्या डोक्यावर पुन्हा हंडा येतो. असे झाले तर देणगीही गेली आणि श्रमही गेले. म्हणून पिण्याचे पाणी आधी राखून ठेवावे, ऊस ठिबकवर घ्यावा आणि किती क्षेत्र लावायचे ते पाणी मोजून गावाने ठरवावे. हा ठराव प्रस्तावाला जोडावा.

प्रस्तावाचा मसुदा घेऊन गट कार्यालयात यावे. आम्ही तो वाचून देऊ. पण त्याखाली सह्या गावाच्याच हव्यात.

— ऊस विकास अधिकारी