पैलवानाची ताकद मोजताना

2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण जिंकणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूचे झाले 249. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. स्पर्धेत तो निर्णायक ठरतो, कारण तिथे बार, प्लेट, पंच आणि नियम सगळं पक्कं असतं. सरावाच्या हॉलमध्ये मात्र एवढा फरक ‘वाढ’ म्हणून कुणी माझ्यासमोर ठेवला, तर मी त्यावर सही करणार नाही.

नवशिक्याची ताकद पहिल्या काही महिन्यांत इतकी झपाट्याने वाढते की कसंही मोजलं तरी ती दिसते. वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या पैलवानाची किंवा कबड्डीपटूची वाढ एवढीशी असते. तेव्हा मोजमापातली गफलत त्या वाढीपेक्षा लहान असायला हवी. फिजिओ म्हणून अशा खेळाडूंच्या चाचण्या घेताना जे उमगलं, ते असं:

1. आधी स्वतःच्या मोजणीचा हेलकावा मोजा.

खेळाडूत काहीच बदललेलं नसताना आकडा किती हलतो, हे ठाऊक नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. तेच खेळाडू घ्या, चार-पाच दिवसांच्या अंतराने तीच चाचणी दोनदा घ्या, मध्ये सरावात बदल करू नका. प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक काढा, त्या फरकांचं प्रमाण विचलन काढा आणि त्याला 1.41 ने भागा. हा तुमच्या पद्धतीचा हेलकावा. त्याची 2.77 पट केली की जी मर्यादा येते, तिच्यापलीकडचा बदलच बऱ्यापैकी खात्रीने खरा म्हणता येतो. स्क्वॉटच्या कमाल वजनात हेलकावा 3 किलो असेल, तर ही मर्यादा 8 किलोंच्या वर जाते. प्रशिक्षक ऐकून नाराज होतात, कारण मुरलेल्या खेळाडूची 8 किलो वाढ व्हायला अख्खा हंगाम जातो. त्यावर दोन उपाय आहेत: पद्धत घट्ट करून हेलकावा कमी करणं, आणि एका चाचणीवर निकाल न देता तीन-चार चाचण्यांचा कल बघणं.

2. सहसंबंधाच्या आकड्यावर भाळू नका.

‘दोन चाचण्यांचा मेळ 0.97 आहे’ असं कुणी सांगितलं की विचारायचं, गटात कोण कोण होतं? 57 किलोचा मल्ल आणि 125 किलोचा मल्ल एकाच यादीत असतील, तर मोजमाप ढिसाळ असलं तरी मेळ झकास येतो. जड मल्ल दोन्ही वेळा वरच राहणार, हलका खालीच. क्रम टिकतो, पण एकेकाचा आकडा मात्र दोन्हीकडे डोलत असतो. आपल्याला तर एकाच खेळाडूची त्याच्याच जुन्या आकड्याशी तुलना करायची असते. म्हणून हेलकावा किलोत किंवा टक्क्यांत मागा.

3. पहिली चाचणी वहीत लिहा, हिशेबात धरू नका.

नवं यंत्र हातात आलं की माणूस ते शिकत असतो. दुसऱ्या खेपेला आकडा वर जातो आणि आपण त्याचं श्रेय सरावाला देऊन मोकळे होतो. ही गल्लत फार जुनी आहे. फ्रान्समधल्या रेन्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बनवलेला बलमापक घेऊन पेराँ हा निसर्गवैज्ञानिक 1800 साली निघालेल्या सागरी मोहिमेवर गेला. टास्मानिया, ऑस्ट्रेलिया आणि तिमोर इथल्या लोकांच्या हाती त्याने ते यंत्र दिलं, आणि त्यांचे आकडे फ्रेंच खलाशांपेक्षा कमी आले म्हणून ते लोकच दुबळे असा निष्कर्ष काढला. ते अनोळखी यंत्र दाबायला त्या लोकांनी जीव तोडून जोर का लावावा, याचा विचार केला नाही. माझ्याकडे ओळखीची एक-दोन सत्रं झाल्यावरच खरी नोंद सुरू होते.

4. घड्याळ, झोप आणि घाम यांची नोंद आकड्याशेजारी हवी.

शरीराचं तापमान दुपारनंतर चढतं आणि बहुतेकांचा जोर संध्याकाळी जास्त भरतो. तालमीत पहाटे मेहनत करणाऱ्यांत हा फरक कमी असतो, पण नाहीसा होतोच असं नाही. पहिली चाचणी सकाळी आणि दुसरी संध्याकाळी घेतली, तर वाढ फुकटात मिळते. कुस्तीत वजन उतरवण्याची भानगड वेगळीच. पाणी तोडलेल्या मल्लाची चाचणी घेऊन त्याच्या ताकदीबद्दल काही कळत नाही. चाचणीआधी कडक कॉफी घेतली का, काल जोराची लढत झाली का, हेही विचारून लिहावं.

5. प्लेट काट्यावर चढवा.

ओतीव लोखंडी प्लेटवर 20 लिहिलंय म्हणून ती 20 किलोचीच असते असं नाही. खरं वजन करून रंगाने लिहून ठेवा आणि चाचणीला त्याच प्लेट वापरा.

6. सांध्याचा कोन मोजा, उपकरणाचं अंतर टेपने मोजा.

स्नायू सांधा फिरवतो, त्यामुळे जोर किती यासोबत तो सांध्यापासून किती अंतरावर मोजला, हेही महत्त्वाचं. गुडघ्यापासून 30 सेंटिमीटरवर 300 न्यूटन देणारा पाय, उपकरण 27 सेंटिमीटरवर सरकलं की 333 न्यूटन दाखवतो. टॉर्क दोन्ही वेळा 90 न्यूटन-मीटरच. तीन सेंटिमीटरच्या सरकण्याने 11 टक्के ‘वाढ’! पकड मोजतानाही तेच. खेळाडू बसलेला, कोपर काटकोनात, दांड्याची खाच दर वेळी तीच. अडकवलेला बार मांडीच्या मध्याशी ओढायच्या चाचणीत गुडघा आणि कंबर यांचे कोन मोजून बारची उंची वहीत लिहायची. या चाचणीत कमाल जोराचा आकडा बराच स्थिर येतो. जोर किती वेगाने चढला हा आकडा मात्र फार उड्या मारतो, त्यावरून घाईने बोलू नये.

7. तपासणाऱ्याचा हात यंत्रात मिसळतो.

दवाखान्यातली स्नायू तपासण्याची 0 ते 5 ही श्रेणी खेळाडूंना कुचकामी, कारण सगळेच 5 मध्ये बसतात. हातात धरायच्या डायनॅमोमीटरनेही प्रश्न पूर्ण सुटत नाही. पैलवानाने मांडीचा जोर लावला की माझा हात मागे जातो आणि यंत्र त्याच्याऐवजी माझी ताकद दाखवतं. म्हणून उपकरण पट्ट्याने टेबलाला किंवा भिंतीला बांधावं.

8. सूत्राने काढलेली कमाल जपून वापरा.

100 किलो 10 वेळा उचलले, तर एप्ली आणि ब्रझिकी दोघांचीही सूत्रं एकदाच उचलता येईल असं कमाल वजन सुमारे 133 किलो सांगतात. 15 वेळा उचलले, तर पहिलं 150 म्हणतं आणि दुसरं 163 च्या पुढे जातं. त्यात ज्याच्या पायांनी लहानपणापासून शेकड्याने बैठका मारल्यात, त्याचा दम मोठा असतो. तो मध्यम वजन खूप वेळा उचलतो आणि सूत्र त्याला आहे त्याहून बलवान ठरवतं. सूत्र वापरायचंच, तर पाचाच्या आत थांबायला लावेल इतकं वजन घ्यावं.

9. आरडाओरडाही ठरलेला हवा.

‘लाव जोर!’ असा गलका झाला की आकडा वाढतो. समोर पडद्यावर आकडा दिसला तरी वाढतो. दोन्ही चालतं, फक्त दर वेळी तेच हवं. सूचनेचे शब्दही मी लिहूनच ठेवले आहेत.

10. ‘चांगल्या’ पायावर विसंबू नका.

गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्या कबड्डीपटूला मैदानात सोडताना, दुखावलेल्या पायाचा जोर दुसऱ्याच्या 90 टक्के आहे का ते पाहतात. पण महिनोन्महिने विश्रांतीत दुसरा पायही उतरलेला असतो. दोन्ही अशक्त झाले, तरी गुणोत्तर छान दिसतं. हंगामाआधी, धडधाकट असताना घेतलेली नोंद हीच खरी तुलना.

11. मर्यादेच्या आतला फरक ‘सांगता येत नाही’ असाच सांगा.

पोरं आकडा फार मनाला लावून घेतात. घरचे पोटाला चिमटा काढून खुराकाचे पैसे पाठवतात, आणि ‘दोन किलो कमी झाले’ ऐकल्यावर पोरगा रात्री कुणाला न सांगता जादा मेहनत करतो. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत थकव्याने आणखी उतरतो आणि त्याचीच भीती खरी ठरते. वस्ताद, निवडणारे आणि खुद्द खेळाडू या तिघांना मी एकच उत्तर देतो: वाढलं, घटलं किंवा या चाचणीतून सांगता येत नाही. तिसरं उत्तर सर्वांत जास्त वेळा द्यावं लागतं, आणि ते देता येत नसेल त्याने ताकद मोजायच्या भानगडीत पडू नये.