पंचेचाळीस अंशांची गोधडी

थर्ड इयरच्या सुट्टीत मी गोधडी शिवली, हे कळल्यावर आमच्या विंगमध्ये जो हशा पिकला तो इथे छापण्यासारखा नाही. झालं असं, की ताईला बाळ होणार होतं. आमच्या घरात प्रत्येक पोराला आजीच्या लुगड्याची गोधडी मिळते. या वेळी आजीने ट्रंकेतलं शेवटचं हिरवं लुगडं काढलं खरं, पण तिला सुईत दोराच ओवता येईना. हात थरथरतात. शेवटी म्हणाली, "तू शिव, म्या सांगती."

आता आपण पडलो इंजिनिअर! साधी चौकोनी ठिगळं लावून समाधान कसं होणार? मी आठ टोकांचा तारा निवडला. अमेरिकेतल्या गोधड्यांमध्ये तो फार जुना, लेमॉइन स्टार म्हणतात त्याला. आजीच्या पद्धतीत ठिगळ कापडावर वरून ठेवतात, कडा आत दुमडतात आणि धावदोरा घालतात. कोन चुकला तरी शेजारचं ठिगळ त्याच्यावर चढतं आणि चूक झाकली जाते. या ताऱ्यात मात्र तुकडे कडेला कड लावून जोडायचे असतात, झाकायला काही नाही.

गणित सोपं आहे. ४५ अंशांचं टोक असलेले आठ समभुज तुकडे मध्यात जमले की ८ गुणिले ४५ म्हणजे ३६०. शेजारच्या दोन तुकड्यांचे १३५ अंशांचे कोन मिळून २७० होतात, म्हणजे बाहेर प्रत्येक खाचेत बरोबर ९० अंश उरतात. अशा आठ खाचा. चार खाचांत चौरस, चार खाचांत काटकोन त्रिकोण, की पूर्ण चौकोन तयार! तुकड्याची बाजू १ धरली तर अख्ख्या चौकोनाची बाजू ३.४१४ येते (२ अधिक २ चं वर्गमूळ). मला १२ इंची चौकोन हवा होता, म्हणून बाजू साडेतीन इंच.

शिवणीसाठी चारी बाजूंनी पाव इंच माया सोडायची. साडेतीन इंच बाजूच्या तुकड्याची उंची ३.५ गुणिले ०.७०७, म्हणजे जवळजवळ अडीच इंच. अधिक अर्धा इंच माया, म्हणजे ३ इंची पट्टी. ती ४५ अंशांत तिरकी कापत जायची, दर ३ इंचांवर.

इथेच माती खाल्ली. मी ते ३ इंच पट्टीच्या कडेवर मोजले. मोजायचे असतात कापाला काटकोनात! कडेवर ते अंतर ४.२४ इंच येतं. माझे तुकडे समभुज न होता नुसते समांतरभुज झाले. टोकं ४५ अंशांचीच असल्यामुळे मध्य छान जुळला, पण लांब बाजूला आखूड बाजू लागून ताऱ्याऐवजी भिंगरी दिसायला लागली. ड्रॉइंगला डिस्टिंक्शन मिळवलेला मी! लुगडं मध्ये विरलेलं होतं. पदराजवळचा भाग तेवढा धड, त्यातून जेमतेम दोन तारे निघाले असते. त्यातला एक मी खलास केला. आजी काही बोलली नाही, तिने ते आठ तुकडे गोळा करून उशाखाली ठेवले.

दुसऱ्या खेपेला आधी वर्तमानपत्राचे आठ तुकडे कापून जमिनीवर मांडले, मग जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा साचा केला आणि मगच कात्री हातात घेतली. तुम्हीही तेच करा. चौरसासाठी आजोबांच्या धोतराचे ४ इंची तुकडे. त्रिकोणासाठी सव्वासहा इंची चौरस घेऊन तो दोन्ही कर्णांवर कापायचा. एकाच कर्णावर कापला तर त्रिकोणाची लांब बाजू तिरक्या धाग्यावर येते आणि चौकोनाची कड लोंबते.

हे तिरकं प्रकरण नीट समजून घ्या. कापडात उभे-आडवे धागे म्हणजे पिन-जॉइंटेड चौकटी, कर्णाचा मेंबर नाही. सरळ ओढा, फारसं ताणत नाही. कर्णावर ओढा, चौकट मोडून लांबते. शिंपी याला उरेब म्हणतात. आजीने स्ट्रक्चर्स न शिकताच सांगितलं होतं, "आरं, तिरकं कापाड वढलं की वाढतंया." आपल्या प्रत्येक तुकड्याच्या दोन कडा सरळ धाग्यावर आणि दोन उरेब. जोडताना उरेब कड खाली, मशीनच्या दात्यांकडे ठेवायची, म्हणजे दाते ती जास्तीची लांबी सामावून घेतात. आणि इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. एकेका तुकड्यात एक अंश कमी पडला तर शेवटी ८ अंशांची फट राहते. ती ओढून शिवली तर मध्ये डोंगर उठतो. एक अंश जास्त झाला तर झालर पडते.

आता खाचेत चौरस बसवणं. इथे तीन शिवणी एका बिंदूवर येतात, म्हणून हिला वाय-शिवण म्हणतात. प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला, कोपऱ्यात दोन्ही कडांपासून पाव इंच आत पेन्सिलचा ठिपका द्यायचा. शिवण ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंतच, मायेत एक टाकाही शिरता कामा नये. आधी दोन तुकडे जोडायचे, खाचेच्या ठिपक्याशी थांबून दोन टाके उलटे घालायचे. मग चौरसाची एक बाजू बाहेरून ठिपक्यापर्यंत शिवायची आणि दोरा तोडायचा. हो, तोडायचाच. त्यानंतर चौरस फिरवून दुसरी बाजू लावायची आणि ठिपक्यापासून बाहेर शिवत जायचं. मी आळस करून सुई आत ठेवून तसाच वळलो, तर कोपऱ्यात चुणी पडली. उसवलं. जुनं कापड दोनदाच उसवू देतं, तिसऱ्यांदा जाळी होते, हे लक्षात ठेवा.

मध्यात आठ शिवणींची माया, म्हणजे सोळा पदर. सगळ्या शिवणी एकाच दिशेला पाडल्या की ते पंख्यासारखे पसरतात. पण त्यासाठी मध्यालाही शिवण ठिपक्यावरच थांबलेली पाहिजे.

आठपैकी सहा खाचा साफ बसल्या. दोन त्रिकोणांशी बारीक चुणी राहिली. आजीने मध्याच्या बिंदूवरून बोट फिरवलं (दिसतं कमी, पण बोटांना सगळं कळतं) आणि म्हणाली, "बसलंय." मग उशाखालचे आठ तुकडे काढून दिले, "हे कडंला लाव." ते समांतरभुज एकापुढे एक तिरके लावले, तर चौकोनाच्या दोन बाजूंना वेणीसारखी किनार झाली. धावदोरा मी घातला, सुईत दोरा ओवून देण्याचं काम ताईचं. गोधडी बाळाच्या आधी चार दिवस तयार झाली.