दिसू लागलं, तरी इंजेक्शन थांबवू नका

‘डॉक्टर, तीन इंजेक्शनं झाली, पेपर वाचता येऊ लागला. आता चौथं कशाला?’ मॅक्युलाच्या झिजेवर उपचार घेणारे अनेक रुग्ण हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर हे औषध डोळ्यात काय करतं आणि काय करत नाही, यात आहे.

मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं हे सगळं त्याच्या भरवशावर चालतं. उतारवयात काहींच्या मॅक्युलाची झीज होते. तिच्या ‘ओल्या’ प्रकारात पडद्याखाली नव्या, कच्च्या भिंतींच्या रक्तवाहिन्या उगवतात. ‘व्हीईजीएफ’ नावाचं प्रथिन त्यांना वाढवतं आणि पाझरायलाही लावतं. पडद्यात पाणी साचतं, कधी रक्तस्राव होतो. मग सरळ रेघ वाकडी दिसते, नजरेच्या मधोमध डाग येतो.

रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, बेव्हासिझुमॅब ही औषधं या प्रथिनाला निकामी करतात. आधी पाझर कमी होतो, पडद्याची सूज उतरते आणि ओसीटी या पडद्याच्या स्कॅनमध्ये तो फरक दिसतो. नव्या, बारीक फांद्याही आक्रसतात. मात्र जुन्या, जाड वाहिन्यांभोवती आधार देणाऱ्या पेशींचं अस्तर तयार झालेलं असतं. त्या बहुधा टिकून राहतात. औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरला, की खोड शाबूत असलेल्या झाडासारखी त्यांना पुन्हा पालवी फुटू शकते. चौथं इंजेक्शन लागतं ते यासाठी.

म्हणून तपासणीत रक्तवाहिनी अजून दिसते, एवढ्यावरून उपचार फसला असं समजू नका. ती पाझरत नाही ना, हे महत्त्वाचं. सुरुवातीला साधारणपणे महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं देतात. पडदा कोरडा राहिला तर पुढचं अंतर हळूहळू वाढवता येतं, पाझर परतला तर कमी करावं लागतं.

उशीर मात्र महागात पडतो. पडद्याखाली एकदा व्रण धरला, की औषध तो विरघळवू शकत नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मरिना’ चाचणीत रॅनिबिझुमॅब घेणाऱ्या सुमारे 95 टक्के रुग्णांची नजर वर्षभरात बऱ्यापैकी टिकली. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे 62 टक्के होतं.

खर्च झेपत नसेल तर गप्प बसून उपचार सोडू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बेव्हासिझुमॅब मूळचं कर्करोगावरचं औषध असलं तरी डोळ्यासाठी जगभर वापरलं जातं आणि बरंच स्वस्त पडतं. 2011 च्या ‘कॅट’ चाचणीत दृष्टीच्या बाबतीत ते रॅनिबिझुमॅबच्या तोडीचं ठरलं. भारतात बनलेलं रॅनिबिझुमॅबही मिळतं.

घरी एवढं करा. एकेक डोळा झाकून दाराची चौकट किंवा फरशीच्या रेघा रोज पाहा. रेघ वाकडी किंवा तुटक दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. इंजेक्शननंतर डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा नजर मंदावली, तर त्याच दिवशी दाखवा. ही डोळ्यातल्या जंतुसंसर्गाची लक्षणं असू शकतात. असा संसर्ग क्वचितच होतो, पण तो थांबून राहत नाही. धूम्रपान करत असाल तर सोडा, त्याने ही झीज वाढते.

आणि दिसू लागलं म्हणून ठरलेली तारीख चुकवू नका. मिळालेली नजर टिकवण्यासाठीच ती तारीख दिलेली असते.