विनावेतन श्रमांचा भार

संगणकाच्या आज्ञावली सर्वांस खुल्या ठेवून कोणासही त्यांत सुधारणा करू देण्याची जी पद्धती आहे, तिचा पुष्कळसा भार हौशी स्वयंसेवकांवर असतो. माहिती दाबून लहान करणारी ‘एक्सझेड’ ही अशीच एक आज्ञावली. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत ती असते; परंतु तिची निगा वर्षानुवर्षे फिनलंडमधील एकच गृहस्थ फावल्या वेळात, विनावेतन राखीत होते. पाठविलेल्या दुरुस्तीस वेळेवर उत्तर मिळावे, तिच्या कर्त्याचे नाव नोंदले जावे आणि निगा राखणाऱ्याचा भार दोघातिघांनी वाटून घ्यावा, एवढ्याने स्वयंसेवक टिकतो. येथे ही तिसरी गोष्टच नव्हती. २०२२ मध्ये काम मंदावताच त्या गृहस्थांवर तक्रारींचा मारा झाला. (तक्रारदारही कटातलेच असावेत, असा संशय पुढे आला.) एक परका मदतनीस मात्र नेमाने दुरुस्त्या पाठवीत होता, थकलेल्या माणसाने त्याच्या हाती किल्ल्या दिल्या, यात नवल ते काय? २०२४ च्या प्रारंभी त्याने आज्ञावलीत चोरवाट बसविली. संगणकात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड यांच्या ध्यानी आले आणि २९ मार्च रोजी त्यांनी तो प्रकार उघड केला. त्यानंतर आज्ञावली शुद्ध करावयास बसले, तेही पुन्हा तेच गृहस्थ. मे महिन्यात त्यांनी नवी आवृत्ती प्रसिद्ध केली.