जागा घेताना : दलालाचा शब्द आणि हातातील कागद

परळ, लालबाग, गिरगाव या भागांत जुन्या जागांचे बरेच व्यवहार आजही ओळखीच्या दलालामार्फत होतात. कोणत्या चाळीतील खोली निघाली आहे, घरमालक कसा आहे, पाणी किती वाजता येते, हे त्याला तोंडपाठ असते. त्याचे हे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु जागा दाखवणे वेगळे आणि विकणाऱ्याचा हक्क तपासणे वेगळे. हे दुसरे काम आपले व आपल्या वकिलाचे आहे. आमच्या बँकेच्या काउंटरवर कर्जासाठी येणारी कुटुंबे मात्र बहुधा बयाणा देऊन झाल्यावरच कागद उघडतात.

जागा मालकीची की पागडीची, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. दलालाच्या बोलण्यात दोन्हींना ‘विकत घेणे’च म्हणतात. पागडीत आपण फक्त भाडेकरूचा हक्क घेतो. इमारत घरमालकाचीच राहते. १९४७ च्या भाडे कायद्यात पागडी घेणे गुन्हा होता, तरी ती सर्रास घेतली जाई. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५६ ने हा मोबदला कायदेशीर ठरवला. मात्र खोली दुसऱ्याच्या नावे करण्यास घरमालकाची संमती लागते. त्यासाठी तो रक्कम घेतो. प्रथा साधारण तिसऱ्या हिश्श्याची आहे. ही रक्कम विकणारा भरणार की घेणारा, हे आधीच लेखी ठरवावे, नाहीतर शेवटी ती आपल्याच अंगावर येते. भाडेपावती आपल्या नावावर झालीच पाहिजे. ‘पावती जुन्याच नावाने चालू द्या, नंतर बघू’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे. इमारत पुनर्विकासाला निघाली की पात्रता ठरवताना पावतीवरचे नाव पाहिले जाते. शिवाय पागडीच्या खोलीवर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. मग प्रॉव्हिडंट फंड आणि घरातले दागिने कामी येतात. बुडाले तर तेच बुडतात.

म्हाडाच्या संक्रमण शिबिरातील गाळा तर राहणाऱ्याला विकताच येत नाही. नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर लिहून दिल्याने तो आपला होत नाही.

मालकीच्या घरासाठी सोसायटीचा भागदाखला, आधीच्या सर्व करारांची साखळी आणि इंडेक्स टू पाहावे. मूळ कागद बँकेत गहाण आहेत असे सांगितले तर त्या बँकेचे थकबाकीचे पत्र मागावे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्तांचा शोध घेता येतो. हे काम कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी आई-वडिलांसाठी जरूर करावे.

नव्या इमारतीसाठी २०१६ चा रेरा कायदा आहे. नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटालाही महारेराची नोंदणी लागते. प्रकल्पाचा क्रमांक वेगळा, एजंटाचा वेगळा, दोन्ही विचारावेत. कराराची नोंदणी होण्यापूर्वी बिल्डर दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. दलाली साधारण एक-दोन टक्के चालते. ती किती व केव्हा, हे लिहून घ्यावे आणि तिचा मोठा हिस्सा नोंदणीनंतरच द्यावा.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना चांगली ठाऊक आहे. १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ उभारले. आता जात सरळ विचारली जात नाही. आधी आडनाव विचारतात, मग ‘ती जागा कालच गेली’ असे उत्तर येते. सहकारी कायद्यानुसार सोसायटीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. म्हणून ‘कमिटी तयार नाही’ हे दलालाचे तोंडी उत्तर पुरेसे मानू नये. बयाणा देण्यापूर्वी सेक्रेटरीची भेट घ्यावी. खरेदी झाल्यावर अर्ज रीतसर देऊन पोच घ्यावी आणि नकार आला तर तो कारणासह लेखी मागावा. अपिलाच्या वेळी तोच कागद लागतो.